कुशाबा राऊळांचं गाऱ्हाणं

कुशाबा राऊळ गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की चिंचपोकळीच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरचे टीव्ही आपोआप बंद होत. आवाजच तसा होता. गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात बोलून बोलून कमावलेला. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, पण कुशाबांचा आवाज काही खाली आला नाही. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या खोलीतून मीठ यायचं.

गाऱ्हाणं ही तशी साधी गोष्ट. घरातला कर्ता माणूस देवापुढे हात जोडून उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं घालतो. मागे जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. एकट्याने मागितलं तर ते नुसतं मागणं. सगळ्यांनी होकार भरला की ते देवाकडे पक्कं झालं, असं तळकोकणातली माणसं मानतात. पण वर्षानुवर्षं होकार भरून तोंडाला इतकी सवय झालेली असते की पुढचा माणूस काय मागतोय ते कानापर्यंत पोचतच नाही. गेल्या वर्षी सगळा घोटाळा झाला तो तिथेच.

पाचव्या दिवशी, विसर्जनाला मूर्ती उचलायच्या आधी, कुशाबांनी नेहमीसारखं गाऱ्हाणं सुरू केलं. बायकोच्या, म्हणजे कौसल्याबाईंच्या गुडघ्यांसाठी मागितलं, शेजारच्या नलूमावशीच्या मुलाच्या लग्नासाठी मागितलं, गिरणीतले दोस्त रामदासकाका यांच्या दम्यासाठी मागितलं. खोली व्हय म्हाराजाने दणाणत होती. त्याच दमात ते पुढे म्हणाले, "आणि माझ्या झिलाच्या डोक्यात ह्या वयात डाक्टर होवचा जा काय खूळ शिरला हा, तां भायर काड! त्येका कायमच्या नोकरीत सुखान ऱ्हवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

त्यांचा झील, म्हणजे मुलगा मयूर, हातात टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा होता. तोही गरजला. बऱ्यापैकी मोठ्याने. आपण कशाला होकार भरला हे त्याला कळलं तेव्हा कुशाबा पाऊसपाण्यावर पोचले होते. दारात गॅसवाला भिवा भरलेला सिलेंडर खांद्यावर घेऊन उभा होता. मूळचा कुडाळचा, त्यामुळे वाटेत गाऱ्हाणं लागलं की थांबल्याशिवाय राहायचा नाही. त्यानेही होकार भरून मगच सिलेंडर खाली ठेवला. अख्ख्या खोलीत गप्प होती फक्त मयूरची बायको सुचित्रा. ती दादरची, शाळेत गणित शिकवणारी. गाऱ्हाण्याची सवय नसल्यामुळे तिने प्रत्येक शब्द ऐकला होता.

"तू पण म्हणालास," ती नंतर मयूरला म्हणाली.

"सवयीने गं."

"पुढच्या वेळी आधी ऐक, मग बोल."

आठवड्याभरात मेडिकलच्या प्रवेशाची यादी लागली आणि मयूर अगदी थोडक्या मार्कांनी हुकला. गाऱ्हाण्याने मार्क कमी होत नाहीत हे त्यालाही कळत होतं. त्याचे मार्क फिजिक्सने खाल्ले होते. पण बापाने आपल्या अपयशासाठी देवापुढे, चार माणसांच्या साक्षीने हात जोडले, ही गोष्ट त्याच्या मनातून जाईना. वर्षभर बापलेक एकमेकांशी पाणी आलं का, बल्ब गेला का, यापलीकडे बोलले नाहीत. परीक्षेचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आता मयूरचं खूळ म्हणजे नेमकं काय, तेही सांगायला हवं. छत्तीस वर्षांचा माणूस, परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. नोकरी पक्की, पगार वेळेवर, गावी जायला पास. अशा नोकरीसाठी गिरणगावात लोकांनी देव पाण्यात ठेवलेत. बारावी सायन्सला असताना त्याला डॉक्टर व्हायचं होतं, जमलं नाही, मग मिळालं ते धरलं आणि इमानाने केलं. वर्कशॉपातली प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे होती. कुणाचं बोट चेपलं, कुणाच्या डोळ्यात कण गेला, की माणूस आधी मयूरकडे यायचा. तो पट्टी बांधायचा, माणसाला हॉस्पिटलात न्यायचा, आणि तिथे दार त्याच्या तोंडावर बंद व्हायचं. आत काय करतात, का करतात, हे त्याला बाहेरच्या बाकावर बसून कधीच कळायचं नाही. विचारायला गेला की आतले म्हणायचे, तुम्ही बाहेर थांबा. वर्षानुवर्षं तो बाहेर थांबला. एक दिवस त्याला बाकाचा कंटाळा आला. परीक्षेला वयाची वरची अट नाही असं त्याने कुठेतरी वाचलं, आणि दादरच्या एका अभ्यासिकेत जाऊन तो सतरा-सतरा वर्षांच्या पोरांमध्ये बसला. पोरं त्याला काका म्हणायची आणि केमिस्ट्रीत अडला की समजावून सांगायची.

यंदाचा प्रयत्न शेवटचा, हे त्याने स्वतःशीच ठरवलं होतं. बिनपगारी रजा घेऊन तो परीक्षेला बसला होता आणि ती रजा आता संपत आली होती. पहिल्या फेरीच्या यादीत नाव आलं नव्हतं. दुसरी यादी गणपतीतच लागणार होती. त्या यादीत नाव आलं तर राजीनामा, नाहीतर गणपती उठले की पुन्हा हातात पाना आणि पुस्तकं रद्दीत. मधला रस्ता नव्हता.

अशात कुशाबांनी फोन करायला सुरुवात केली.

"नलू, गेल्या वर्साक गाऱ्हाण्याक होतंस मां? मग ह्या वर्साक येवकच व्हया!" नलूमावशी आता मुलाकडे बदलापूरला राहायला गेली होती. तिच्या पायांत जिने चढायचं बळ नव्हतं. पण कुशाबा ऐकतात थोडेच? "दोघां जणां धरून वर आणतंत तुका. पण येवक व्हया म्हणजे व्हया!"

मयूरने हे ऐकलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी होती तीच माणसं यंदा पुन्हा गोळा करायची, म्हणजे गेल्या वर्षीचंच मागणं पुन्हा घालायचं, आणखी पक्कं करून. दुसरं काय असणार?

"विचार ना त्यांना सरळ," सुचित्रा म्हणाली.

"मी नाही विचारणार."

"मग धुमसत बस."

तो धुमसत बसला. घरात भरलेला सिलेंडर तसाच पडून असताना बाबांनी नवा सिलेंडर बुक केला, आणि भिवाला फोन करून पाचव्या दिवशी दुपारी, गाऱ्हाण्याच्या वेळेलाच आणायला सांगितलं, हे कळल्यावर तर त्याने आईला गाठलं.

"आई, हे काय चाललंय? गॅसवाल्याची साक्ष लागते का आता मला घरी बसवायला?"

कौसल्याबाई करंज्यांच्या कडा मुडपत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माका विचारू नको. मी काय बोलूचंय नाय असा कबूल केलंय."

"बाबा वर्षभर झोपत नाहीत, तुला माहितेय? सारखे कूस बदलत असतात."

"माका नाय तर कोणाक म्हायत असतला?" त्या म्हणाल्या आणि पुढची करंजी घेतली.

एक अडचण मात्र कुशाबांना सोडवता येत नव्हती. रामदासकाका माघात वारले होते. गेल्या वर्षीच्या होकारांमधला एक होकार असा कायमचा गेला होता. कुशाबा गॅलरीत उभे राहून स्वतःशीच म्हणायचे, "रामदासाचा कसा करूचा?" मयूरला आणखी राग यायचा. रामदासकाका त्याला आठवायचे ते जिन्यात भेटल्यावर "काय डाक्टर, कधी सुई टोचतंस?" असं विचारणारे. चेष्टा करायचे, पण रोज विचारायचे. अख्ख्या चाळीत तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

पाचवा दिवस उजाडला. सकाळपासून मयूर फोन हातात घेऊन वेबसाइट उघडत होता आणि वेबसाइट उघडत नव्हती. यादी आज लागणार म्हणजे कधीही लागेल, लागणारही नाही. दुपारी नलूमावशीला दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. ती येता येताच रडायला लागली, कारण तिला जुनी चाळ बघून भरून आलं होतं. मग हसायला लागली, कारण खुर्ची जिन्यात अडकली. माणसं जमली. भिवा सिलेंडर घेऊन आला आणि तो खाली ठेवणार तोच कुशाबा ओरडले, "ठेव नको! गेल्या वर्साक खांद्यार होतो मां?"

"होतो," भिवा म्हणाला.

"मग खांद्यारच धर. हयसरच उबो ऱ्हव."

भिवा बिचारा उभा राहिला.

मयूर गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशी होता. पान अर्धं उघडलं आणि अडकलं. शेवटी सुचित्राने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. ती गणिताची बाई, ओळीवरून बोट खाली नेण्यात तिचा हात बसलेला. बोट खाली जात राहिलं, जात राहिलं, आणि थांबलं.

"मयूर," ती म्हणाली. एवढंच.

त्याने पाहिलं. त्याचं नाव होतं. पुढे कॉलेज होतं: सरकारी मेडिकल कॉलेज, सिंधुदुर्ग. त्याने नाव पुन्हा वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, आडनाव वाचलं. दुसरा कुणी मयूर कुशाबा राऊळ या महाराष्ट्रात असेल तर त्याने कृपा करून दुसरीकडे जावं, असं त्याच्या मनात आलं. तो तिथल्या उपड्या बादलीवर बसला. छातीवरचं कितीतरी वर्षांचं ओझं कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि ते गेल्यावरच त्याला कळलं की ते केवढं होतं. सुचित्रा त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"मयूरऽऽ! टाळ घेवन ये! सगळी खोळंबलीहत!" आतून कुशाबांचा आवाज आला.

"आत जाऊन सांग आधी," सुचित्रा डोळे पुसत म्हणाली.

मयूर उठला. त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते फारसं चांगलं नव्हतं. "थांब जरा. मागू दे त्यांना काय मागायचंय ते. देवापुढे, सगळ्यांसमोर. मग सांगतो."

तो आत गेला आणि टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा राहिला. आज तो प्रत्येक शब्द ऐकणार होता.

कुशाबांनी टोपी नीट केली, हात जोडले.

"बा गणराया म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरान पाच दिवस तुझी जी काय मोडकीतोडकी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता गुडघे येणार, पाऊसपाणी येणार, म्हणून सगळे सैलावले. पण ते काही आलं नाही. त्यांचा तो आवाज, जो कधी खाली येत नसे, एकदम खाली आला.

"गेल्या वर्साक ह्याच जागेर, ह्याच माणसांक साक्षी ठेवन मी एक मागणा घातलंय. माझ्या झिलाचा मन मोडूचा मागणा. बापाशीन झिलाच्या विरोधात मागलला मागणा." त्यांनी जोडलेले हात कपाळाला लावले. "माका भ्या होता रे म्हाराजा. माझी गिरण बंद पडली तेवां ह्या घरात काय काय झाला तां तुका म्हायत आसा. झिलाचो पगार बंद होतलो म्हणान मी भियालंय. रागान नाय मागूक, भियान मागलंय. आणि तू माझा आयकलंस! पोरगो थोडक्यात ऱ्हवलो. तेवांपासून माका झोप नाय."

मयूरच्या हातातले टाळ एकमेकांना लागून किंचित वाजले.

"ह्या सगळ्यांनी तेवां व्हय म्हटल्यानी, पण तेंचो दोष नाय. तेंका सवय. माझ्या झिलान सुद्धा व्हय म्हटल्यान. तो वेडोच." कुणीतरी फिस्सकन हसलं. "फक्त माझी सून गप ऱ्हवली. ती एकटी शाणी. तिचा काय परत घेवचा नाय. पण बाकीच्यांचा आणि माझा, तां मागणा आज मी सगळ्यांसमोर मागे घेतंय. तां पुसून टाक. आणि माझ्या झिलाक जां व्हया, तां तेच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

आणि कुणीच व्हय म्हणालं नाही.

म्हणजे कुणाला म्हणायचं नव्हतं असं नाही. आयुष्यात पहिल्यांदा सगळे गाऱ्हाणं ऐकत होते, आणि ऐकता ऐकता होकार भरायचा राहून गेला. कुशाबांनी घाबरून मागे वळून पाहिलं. त्यांच्या तोंडावर जी भीती होती ती मयूरने कधी पाहिली नव्हती. त्यांना वाटलं, माणसं नाही म्हणतायत.

"अरे म्हणा रे मेल्यानू!" खुर्चीतून नलूमावशी किंचाळली आणि मग जो होकार उठला तो थेट परळच्या वर्कशॉपापर्यंत गेला असेल. भिवा सिलेंडरसकट ओरडला. मयूर ओरडला, पण त्याच्या घशातून अर्धाच शब्द बाहेर आला. वर्षभर ज्या माणसावर तो धुमसत होता तो माणूस वर्षभर त्याच्यासाठी जागा होता. मयूरला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं.

"आणि रामदासाचा?" कुशाबा कासावीस होऊन म्हणाले. "तो एक ऱ्हवता."

"त्यांचा मी भरतो," मयूर म्हणाला. त्याने श्वास घेतला आणि रामदासकाकांच्या वाटणीचा "व्हय म्हाराजा" एकट्याने घातला. या वेळी शब्द पुरा निघाला.

कुशाबांनी डोळे पुसले, नमस्कार केला आणि ते पुढचं मागणं विसरून तसेच उभे राहिले. कौसल्याबाईंचे गुडघे या वर्षी राहूनच गेले.

"मी आता ह्या खाली ठेवू काय?" दारातून भिवाने विचारलं. चार जण धावले आणि सिलेंडर उतरवून घेतला.

मग मयूर बापाजवळ गेला. त्याने फोन पुढे धरला. कुशाबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, आणि चष्मा लावल्यावर डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेना.

"काय तां?"

"यादी, बाबा. लागलं माझं नाव. मिळालं मेडिकल."

खोलीत जो काय गलका झाला त्यात कुणी काय म्हणालं ते सांगणं कठीण आहे. नलूमावशी पुन्हा रडायला लागली. कौसल्याबाईंनी मुलाच्या तोंडात अख्खी करंजी कोंबली. कुशाबा मात्र खाटेच्या कडेवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी फक्त एक लांब श्वास सोडला. वर्षभर धरून ठेवलेला असावा इतका तो लांब होता.

"खंयचा कॉलेज?" मग त्यांनी विचारलं.

"ओरोसचं. आपल्या सिंधुदुर्गातलं."

"ओरोस? आमचा ओरोस?" त्यांचं गाव तिथून एसटीने थोडक्याच अंतरावर होतं आणि घर बंदच होतं. "मगे मी येतंय तुझ्यावांगडा. घर झाडूक कोण तरी व्हया मां?" वर्षभराने ते मुलाशी पाणी आणि बल्ब सोडून काहीतरी बोलले होते. ते बोलले आणि त्यांचं त्यांनाच बरं वाटलं.

पण गिरणीत युनियनच्या सभा ऐकलेला माणूस. सहजासहजी कशावर विश्वास ठेवणारा नव्हे. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली आणि मयूरकडे रोखून पाहिलं.

"यादी कधी लागली रे?"

मयूरने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. गाऱ्हाण्याने यादी लागत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आता तो शिकणार होता ती विद्याही हेच सांगणारी होती.

"आत्ताच, बाबा. तुम्ही मागे घेतलंत ना, तेव्हाच."

कुशाबांनी डोळे बारीक केले. मुलाच्या बोलण्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसेना. मग ते सुनेकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या दारात होती, गेल्या वर्षी उभी होती तिथेच. दहा वर्षांत तिने या घरात मालवणीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता, आणि खोटंही कधी बोलली नव्हती. अर्ध्या मार्काची कॉपीही वर्गात चालू न देणारी बाई. कुशाबांचा अख्ख्या घरात तिच्या एकटीच्या शब्दावर भरवसा होता.

"काय गो? खरा सांगता हो?"

सुचित्राने नवऱ्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं. पदराने नाक पुसलं, दोन्ही हात जोडले, आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली,

"व्हय म्हाराजा."